१९०२ सालचं टेरेस्ड घर, मागे डॉर्मर (छपराच्या उतारातून बाहेर येणारा उभ्या खिडकीचा भाग) बांधून माळ्यावर खोली करायची आहे. जिन्याचं काय करू?

केनेटकाठची (रेडिंग)

नमस्कार मंडळी. गेले दोन महिने रात्रीची भांडी आवरली की नवरा आणि मी एकाच विषयावर भांडतो. आता तुम्हीच काय तो निवाडा करा.

आमचं घर रेडिंगच्या पूर्वेला, न्यूटाउनमध्ये, केनेट नदीजवळ. हंटली अँड पामर्सचा बिस्किट कारखाना जोरात होता त्या काळातली ही वस्ती. घर १९०२ चं, टेरेस्ड. (चिपळूणच्या आत्याला हा शब्द सांगितला तर म्हणाली, "मग टेरेसवर पापड घालतेस का गं?" आत्या, इथलं टेरेस म्हणजे गच्ची नव्हे. एकाच भिंतीला दोन्हीकडून टेकून उभी असलेली घरांची रांग. पापड घालायला जागा नाही, ऊन तर नाहीच.)

घराची आतली रुंदी ४.१ मीटर. खाली पुढची खोली, मागची खोली आणि त्यामागे शेपटीसारखं स्वयंपाकघर. वर दोन झोपायच्या खोल्या. बाथरूम स्वयंपाकघराच्या डोक्यावर, आणि तिथे जायला मागच्या खोलीतूनच वाट. म्हणजे रात्री दोन वाजता कुणाला लागली की मुलांच्या उशाशी दिवा लागतो. मुलगी अकराची, मुलगा सहाचा, दोघं त्याच खोलीत. मे ते ऑगस्ट आई-बाबा येतात तेव्हा आम्ही त्यांना आमची खोली देतो आणि खाली सोफ्यावर झोपतो. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे, उजवा गुडघा कुरकुरतो.

मोठं घर घ्यायचं तर शाळा बदलायला लागेल, म्हणून माळा. छपराला स्लेट आहे. शिडी लावून वर गेले आणि बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं दाखवलं. पाच मिनिटं निरखून म्हणाले, "अगं हे आपल्यासारखंच की! आढं, वासे, रिपा. वासे मात्र अगदीच काडीपैलवान." वाशांच्या मधोमध आडव्या तुळया आहेत, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. एका कोपऱ्यात पाण्याची जुनी टाकी, रिकामी. मी टेपने मोजलं: खालच्या छताच्या वाशांच्या माथ्यापासून आढ्याच्या फळीच्या खालच्या कडेपर्यंत २.३६ मीटर. एवढी उंची पुरते का?

दोन बिल्डर येऊन गेले. एकाने ४९,००० पौंड सांगितले, दुसऱ्याने ६८,५००. पहिला दहा मिनिटांत बघून गेला, टेपसुद्धा काढली नाही. दुसरा दीड तास होता आणि त्याने विचारलं, "जिना कुठून न्यायचा?" मला वाटलं हे त्याने सांगायचं असतं! नवरा म्हणतो पहिल्याला द्या. मला पहिला माणूस आवडला नाही, पण एकोणीस हजार पौंडांचा फरक नुसत्या न आवडण्यावर कसा सोडू?

सध्याचा जिना पुढच्या दारापाशी सुरू होतो आणि शेजारच्या भिंतीला लागून वर जातो. पूर्वी तिथे अरुंद बोळ होता म्हणे. आधीच्या मालकाने बोळाची भिंत पाडून पुढची खोली मोकळी केली, त्यामुळे दार उघडलं की थेट बैठकीतच. घर पाहायला आलो तेव्हा याच खोलीवर मी भाळले होते. गणपतीत पंचवीस माणसं आरतीला उभी राहतात.

शेजारचं सांगायचं तर डावीकडे एकट्या राहणाऱ्या आजी आहेत, उजवीकडचं घर भाड्याने दिलेलं, मालक कोण ते माहीत नाही. दोघांची परवानगी लागते का? प्लॅनिंग परमिशन लागते का? आणि आई-बाबांना वरची खोली द्यावी असं माझं, मुलीला द्यावी असं तिचं, आणि आपण जावं असं नवऱ्याचं म्हणणं. ज्यांनी केलंय त्यांनी सविस्तर लिहा.

वाड्यातला (वॉल्थमस्टो)

ताई, आम्ही २०१९ मध्ये केलं. घर तुमच्यासारखंच, दहाएक वर्षांनी तरुण.

आधी सोपं ते. मागच्या बाजूचा डॉर्मर असेल तर बहुतेक वेळा प्लॅनिंग परमिशन लागत नाही, 'परमिटेड डेव्हलपमेंट'मध्ये बसतो. टेरेस्ड घराला मूळ छपरापेक्षा ४० घनमीटरपर्यंत वाढ चालते. आधीच्या कुणी छपरात वाढवलं असेल तर तेही यात धरतात. तुमच्या ४.१ मीटर रुंदीला साध्या डॉर्मरचे सतराएक घनमीटर होतील, म्हणजे चिंता नाही. आढ्याच्या वर जायचं नाही, रस्त्याच्या बाजूने डॉर्मर काढायचा नाही (तिकडे छपराच्या उतारातल्या खिडक्या चालतात), मूळ वळचणीपासून छपराच्या उतारावर मोजून निदान २० सेंटिमीटर मागे राहायचं, बाहेरून मूळ घराशी मिळतंजुळतं दिसायला हवं. तुमची गल्ली संवर्धन क्षेत्रात (जुन्या वस्तीचं रूप जपायला जिथे नियम कडक असतात) आहे का ते काउन्सिलच्या नकाशावर आजच बघा. असली तर वरचं सगळं विसरा आणि रीतसर अर्ज करा. नसली तरी काउन्सिलकडून कायदेशीरपणाचा दाखला घेऊन ठेवा. सक्तीचा नाही, पण घर विकताना समोरचा वकील पहिल्यांदा तोच मागतो.

आता शेजारी. १९९६ चा पार्टी वॉल कायदा, म्हणजे सामाईक भिंतीचा. माळ्याची नवी जमीन पेलायला लागणाऱ्या लोखंडी तुळया त्या भिंतीत घुसणार, म्हणून दोन्ही बाजूंच्या *मालकांना* काम सुरू व्हायच्या दोन महिने आधी लेखी नोटीस द्यायची. भाडेकरूशी गप्पा मारून उपयोग नाही. उजवीकडच्या मालकाचं नाव आणि पत्ता लँड रजिस्ट्रीतून (घर-जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद) थोडे पैसे भरून मिळतो. चौदा दिवसांत लेखी होकार आला नाही तर कायदा त्याला 'वाद' समजतो. गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे. मग सर्व्हेअर नेमायचे, आणि त्यांची फी सहसा तुमच्याच खिशातून.

म्हणून नोटीस दारातून टाकायच्या आधी आजींकडे जाऊन या. आमच्या शेजारणीला कायद्याची, आवाजाची काही पडली नव्हती. तिच्या नवऱ्याने १९७० च्या सुमारास स्वतः लावलेला वॉलपेपर त्या भिंतीवर होता, तेवढ्यापुरता तिचा जीव अडकला होता. आम्ही तिच्यासोबत खोलीखोलीतून फिरून भिंतींचे फोटो काढले. शेकोटीच्या वर एक तिरकी चीर आधीपासूनच होती. बायकोने तिच्याशेजारी दहा पेन्सचं नाणं धरून फोटो काढला. तेव्हा मी हसलो होतो. काम संपल्यावर शेजारणीचा मुलगा आला आणि म्हणाला, ही चीर तुमच्यामुळे पडली. नाण्याचा फोटो दाखवला, दोन मिनिटांत विषय संपला, चहा झाला.

जिन्याबद्दल: सध्याच्या जिन्याच्या बरोबर डोक्यावर नवा जिना घ्या. आमच्या पहिल्या बिल्डरने छोट्या खोलीतून काढून दिला होता. कागदावर छान दिसत होता, पण खोलीत मग पलंग तरी राहिला असता नाहीतर कपाट तरी. जिन्यावर डोक्याशी २ मीटर मोकळी उंची लागते. माळ्याच्या जिन्याला जागाच नसेल तर पायरीच्या मध्यावर १.९ आणि उतरत्या बाजूच्या कडेला १.८ पर्यंत सवलत आहे. तुमचा जिना पुढून मागे चढतो, म्हणजे नवाही वर पोहोचेल तो मागच्या बाजूला, डॉर्मरच्या खालीच, जिथे डोक्याशी उंची मिळते. त्यात तुम्ही नशीबवान.

आणि एक. काम ऑक्टोबरात सुरू करू नका. आमचं मागचं पाखं उघडं, वर निळी ताडपत्री, आणि बिल्डर शुक्रवारी चार वाजता घरी. ताडपत्रीला मध्ये झोळ पडला होता. रात्रभर त्यात पाणी साचलं आणि पहाटे अख्खी झोळी मुलीच्या पलंगावर उपडी झाली. मुलगी त्या रात्री सुदैवाने आमच्यात झोपली होती. जुनं लाकडी पट्ट्यांवरचं प्लास्टर, शंभर वर्षांच्या काजळीसकट खाली. त्या माणसाने सोमवारी येऊन मलाच विचारलं, "पाऊस लागेल हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

आईबाबांना वर पाठवू नका हो. तीन मजले, कुरकुरता गुडघा, आणि उन्हाळा. १९ जुलै २०२२ ला लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंश झालं होतं ना, त्या रात्री आमचा माळा म्हणजे भट्टी. आम्ही सगळे खाली चटईवर. तुमचे आईबाबा नेमके मे ते ऑगस्टच येतात.

केनेटकाठची (रेडिंग)

दादा, नाण्याची युक्ती लगेच वहीत लिहिली. संवर्धन क्षेत्रात आमची गल्ली नाही, आत्ताच बघितलं. वटवाघळांबद्दल कुणीतरी घाबरवलं, त्यात तथ्य आहे का? आणि उंचीचं कोणी सांगेल का?

तुळई (लीड्स)

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, रोज हेच करते. तुमचा उंचीचा प्रश्न सोपा आहे, पण तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महाग ओळ तुम्ही जाता जाता लिहून गेलात. तिच्याकडे येते.

उंची आधी. तुम्ही मोजलेले २.३६ म्हणजे राहायची उंची नव्हे. खालच्या छताचे वासे चार इंच बाय दोन इंच असणार. ते खालचं प्लास्टर पेलायला घातलेत, माणसं पेलायला नाहीत. घरातल्या जमिनीला दर चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो भार धरून हिशेब करतात, तो त्यांना झेपत नाही. म्हणून त्यांच्या मधल्या गाळ्यांत नवे, खोल वासे येतात आणि ते लोखंडी तुळयांवर बसतात. समजा नवे वासे १९५ मिलिमीटर खोल. खालच्या प्लास्टरला टेकू नयेत म्हणून २५ वर उचलायचे, आणि त्यावर २२ ची फळी. तुमची जमीन आजच्या वाशांच्या माथ्यापासून १४ सेंटिमीटर वर आली. वरच्या बाजूला डॉर्मरचं सपाट छप्पर: वासे, फळी, वरून इन्सुलेशन, आतून प्लास्टरबोर्ड मिळून ३४ सेंटिमीटर, आणि हे सगळं आढ्याच्या कौलांपेक्षा वर जाता कामा नये. आढ्याची फळी आणि वरची कौलं मिळून तुम्हाला २२ सेंटिमीटर मिळतात असं धरलं, तर हातात उरतात सुमारे २.१० मीटर. खोलीला किमान उंची किती हवी असा नियम इंग्लंडमध्ये नाही, नियम जिन्याला आहे. २.१० मध्ये चांगली खोली होते. यजमान सहा फुटांपेक्षा उंच असतील तर पंखा लावू नका.

भिंतीतला एक मुद्दा. टेरेसमधल्या काही जुन्या घरांत शेजारची सामाईक भिंत माळ्यात एकाच विटेच्या रुंदीएवढीच जाड असते, कधीकधी तर माळ्यात भिंतच नसते, इकडून तिकडे रांगत जाता येतं. टॉर्च घेऊन बघा. तुळया त्या भिंतीवर टेकणार आहेत. धुरांड्याचा खालचा भाग आधीच्या मालकाने पाडून वरचा तसाच लटकता ठेवलाय का, हेही बघा. आधीचे मालक असे उद्योग करतात.

हे भिंत पाडण्याचं तर त्यांनी केलंच आहे. *ती* ओळ. दोन मजल्यांच्या घराला तिसरा मजला आला आणि त्याची जमीन साडेचार मीटरच्या वर गेली, की आग लागल्यावर खिडकीतून सुटका हा मार्ग धरत नाहीत. माळ्यावरच्या माणसाला जिन्यानेच खाली येऊन थेट घराबाहेर पडता आलं पाहिजे, आणि त्या अख्ख्या वाटेला दोन्ही बाजूंनी आग अडवणारी भिंत आणि तसे दरवाजे हवेत. तुमचा जिना बैठकीत उतरतो. सोफ्याने पेट घेतला तर माळ्यावरून येणारा माणूस कुठे उतरणार?

म्हणजे बोळाची भिंत परत बांधायची. वरच्या खोल्यांचे दरवाजे बदलायचे (सहसा अर्धा तास टिकणारे घेतात), प्रत्येक मजल्यावर विजेवर चालणारे आणि एकमेकांशी जोडलेले धुराचे अलार्म. भिंत नकोच असेल तर पाण्याचे फवारे बसवून बिल्डिंग कंट्रोलला (बांधकाम नियमात आहे का ते तपासणारे) पटवता येतं कधीकधी, पण ते चित्र काढायच्या आधी त्यांच्याशी बोलून, लेखी घेऊन. काम अर्धं झाल्यावर नाही. ४९ हजारवाल्याने टेप काढली नाही, त्याने ही भिंत धरली आहे का विचारा. माझा अंदाज, नाही. ६८ वाल्याने जिना विचारला तो याचसाठी.

वटवाघळांत तथ्य आहे. इथे ती कायद्याने संरक्षित आहेत, त्यांची जागा मोडणं गुन्हा. माळ्यात काळ्या, उंदरासारख्या पण चिमटीत भुगा होणाऱ्या लेंड्या दिसल्या तर काहीही हलवू नका, आधी तज्ज्ञाला बोलवा. नसतील तर पुढे चला.

हिशेबी (लेस्टर)

मी बांधलेलं नाही, बांधलेलं विकत घेतलं आणि भोगलं. जाहिरातीत 'लॉफ्ट रूम' लिहिलं होतं, 'बेडरूम' नव्हे. त्या दोन शब्दांतला फरक मला बँकेने शिकवला. आधीच्या मालकाने बिल्डिंग कंट्रोलचा पूर्णत्वाचा दाखला घेतलाच नव्हता, त्यामुळे तीन खोल्यांचं घर कागदावर दोन खोल्यांचं. जमीन म्हणजे त्याच चार इंची वाशांवर ठोकलेली फळी. मी नाचलो नाही एवढंच. शेवटचा हप्ता दाखला हातात पडेपर्यंत द्यायचा नाही, हे करारात लिहून घ्या.

आणि ताई, ४९ हजारांत व्हॅट आहे का? २० टक्के धरला तर ५८,८०० होतात. तुमचा एकोणीस हजारांचा फरक इथेच दहाच्या आत आला. मग विचारा त्यात जिना, दरवाजे, इंजिनिअरचे आकडे, वरचं शॉवर, रेडिएटर, प्लास्टर, कचऱ्याचा कंटेनर आहे का. घराच्या विमावाल्यांनाही काम सुरू व्हायच्या आधी कळवा.

केनेटकाठची (रेडिंग)

दहा दिवसांनी लिहितेय, माफ करा. मधे बरंच घडलं.

पहिल्या बिल्डरला फोन केला. व्हॅट नाही, दरवाजे नाहीत, शॉवर 'तुम्ही आणा, आम्ही लावू'. बोळाच्या भिंतीचं विचारलं तर म्हणाला, "त्याचं कोणी बघत नाही." हे वाक्य नवऱ्याने स्पीकरवर स्वतः ऐकलं, त्यामुळे आमचं भांडण एकतर्फी संपलं. दुसऱ्याने भिंत धरलेली होती. त्याच्या कागदावर चौथ्या पानावर चक्क लिहिलेलं होतं, मी रकमेच्या पुढे वाचलंच नव्हतं.

माळ्यात टॉर्च घेऊन गेले. सामाईक भिंत आढ्यापर्यंत पूर्ण आहे, दोन्हीकडे. लेंड्या नाहीत. टाकीच्या मागे १९८० च्या आसपासची एक बिस्किटांची रिकामी पत्र्याची पेटी सापडली, अर्थात हंटली अँड पामर्सचीच. मुलीने ती ताब्यात घेतली.

डावीकडच्या आजींकडे गेले. त्यांना फक्त एवढंच हवं होतं की मंगळवारी दुपारी दोन तास ठोकाठोक नको, त्यांच्याकडे मैत्रिणी पत्ते खेळायला येतात. बिल्डर म्हणाला, लिहून देतो. उजवीकडचा मालक लँड रजिस्ट्रीत सापडला, त्याला पत्र गेलंय, चौदा दिवसांतले सहा झाले.

खोल्यांचं असं ठरलं: आम्ही दोघं वर, मुलगी आमच्या खोलीत, मुलगा आहे तिथेच. आई-बाबा आले की मुलगी तिची खोली त्यांना देऊन भावाकडे. तिने लेखी करार मागितला आहे, तारखांसकट. शॉवर वर येणार, म्हणजे निदान आम्ही दोघं तरी रात्री मुलांच्या उशाशी दिवा लावणार नाही.

राहिली ती भिंत. तिच्यावर मी दोन रात्री रडले, खरं सांगते. मग बैठकीतला गालिचा उचलला आणि जमिनीवर चिकटपट्टी लावायला बसले, ९० सेंटिमीटरचा बोळ, १० ची भिंत, उरलेली खोली ३.१ मीटर. पट्टी लावता लावता लक्षात आलं की खालच्या फळ्यांवर तिथेच एक फिकट पट्टा आहे, दारापासून जिन्याच्या पायथ्यापर्यंत सरळ, आणि कडेने जुन्या खिळ्यांची भोकं. माझी चिकटपट्टी त्याच्यापासून दोन बोटं सरकली होती. ती काढून पट्ट्यावर लावली. बाबांना फोटो पाठवला, त्यांचा मेसेज आला: "आरतीला पंधरा जण आत, दहा बोळात. घंटा बोळातल्यांकडे द्या."

आता सोफा ती पट्टी ओलांडून पलीकडे जातो, म्हणून तो विकायला काढलाय. तीन जणांचा, करडा, एका हातावर स्केचपेनची रेघ आहे ती घासूनही गेली नाही. रेडिंगच्या आसपास कुणाला हवा असेल तर कळवा, न्यायला व्हॅन तुमची.